मदत हवी आहे : 'एक्स्ट्रीम जॉब'च्या धाटणीचे कोरियन चित्रपट सुचवाल का?

२०१९ सालचा, ली ब्यॉंग-हॉन दिग्दर्शित 'एक्स्ट्रीम जॉब' नुकताच पाहिला. वरिष्ठांच्या मनातून उतरलेले अमली पदार्थविरोधी पथकातले पाच पोलीस टोळीवर पाळत ठेवण्यासाठी समोरचे तळलेल्या चिकनचे दुकान चालवायला घेतात आणि तिथे गिऱ्हाइकांची अशी झुंबड उडते की पाळत ठेवायला उसंतच मिळत नाही, ही कल्पनाच अफलातून आहे. शेवटची हाणामारी मात्र मला अंमळ लांबलेली वाटली. 'मिडनाइट रनर्स' पाहून झाला आहे. ज्यांत विनोद प्रसंगातून फुलतो, कच्चा समजला जाणारा नायक गुंडांना पुरून उरतो आणि रक्तपात वडीलधाऱ्यांसोबत पाहता येईल इतपतच असतो, असे आणखी चित्रपट जाणकारांनी कृपया सुचवावेत. हिंदी डबिंग असल्यास तेही कळवावे.