‘तिकडे बायकांचे फार हाल’ म्हणून पुस्तक मिटायचं का?

ओवी, कोपरखैरणे

आमच्या सोसायटीत दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही आठ-नऊ जणी जमतो. एकीने पुस्तक वाचायचं आणि बाकीच्यांना मराठीत सांगायचं. मागच्या वेळी माझी पाळी होती. झिंबाब्वेच्या त्सित्सी डांगारेम्ब्गा यांची १९८८ची ‘नर्व्हस कंडिशन्स’ सांगितली. काळ झिंबाब्वेला ऱ्होडेशिया म्हणत तेव्हाचा, गोऱ्यांच्या राजवटीचा. नायिका तांबू पहिल्याच वाक्यात सांगते, भाऊ गेला त्याचं मला वाईट वाटलं नाही. दोघी-तिघी तिथेच “अगं बाई” म्हणाल्या.

घरात पैसे नाहीत, म्हणून शाळा फक्त भावाला. तांबू हट्टाने बियाणं मिळवते, फीसाठी स्वतः मका लावते, राखते. कणसं भरू लागतात आणि नाहीशी होऊ लागतात. भाऊच ती चोरून शाळेतल्या पोरांना वाटत असतो.

इथे माझा आवाज बसला. माझं माहेर साताऱ्याकडचं. नववी-दहावीत असताना भुईमूग काढून झाला की मी लोकांच्या रानात सरवा वेचायला जायचे. ढेकळं हाताने फोडायची, मातीत राहिलेली एकेक शेंग ओच्यात टाकायची. नखांत इतकी माती बसायची की जेवताना घासाबरोबर दाताखाली कचकचायची. दोन हंगामांत अर्धं पोतं साठलं. अकरावी सायन्सला तालुक्याला जायचं होतं, त्यासाठी. एका बाजाराच्या दिवशी घरी आले तर पोतं जागेवर नव्हतं. आजी म्हणाली, “दादाच्या सहलीला घातलं. तुला काय करायचंय?” मी पुढे डी.एड. केलं, तीस वर्षं शिकवलं, ते काम मला आवडलं. पण ते पोतं विसरले नाही.

यातलं एक अक्षर मी तिथे बोलले नाही. चहा आला, आणि एक जण म्हणाली, “तिकडे बायकांचे फार हाल गं. आपण सुखी.” सगळ्यांनी माना हलवल्या. मीही. तेव्हापासून झोप नीट नाही. परमुलखातल्या बाईचं दुःख वाचून आपण स्वतःचं झाकतो का? आणि पुढच्या शनिवारी असं काय सांगू, की कुणाला ‘तिकडे’ म्हणता येणार नाही?

जुना नौपाडा

ताई, शेंगांपाशी मी बराच वेळ थांबलो. तरी एक सांगतो. “अगदी आपल्यासारखंच” म्हणणंही तितकंच सोपं आहे. तांबूचा काका इंग्लंडला शिकून आलेला, मिशनच्या शाळेचा मुख्याध्यापक. अख्खं खानदान त्याच्यापुढे वाकतं, कारण आधार त्याच्या पगाराचा. आणि तो पगार देतं गोऱ्यांचं मिशन. काकूही एम.ए.पर्यंत शिकलेली, कमावती; तिची कमाई कुटुंबात मुरते, मान त्याला. त्यांची लेक न्याशा खाल्लेलं अन्न ओकून टाकते, तो राग घरच्या आणि राज्याच्या, दोन्ही सत्तांवरचा. गोरे लोक वगळून कादंबरी सांगितलीत तर ती निम्मीच सांगितलीत.

दर मुलखात कळ वेगळी असते, ती शोधावी लागते. सेनेगलच्या मरियामा बा यांच्या ‘सो लाँग अ लेटर’मध्ये रामातुलाय शिक्षिका आहे, तुमच्यासारखीच. नवऱ्याने दुसरं लग्न केलं ते मुलीच्या मैत्रिणीशी. तो वारल्यावर दुखवट्याला सवतही त्याच घरात येऊन बसते. मग इद्दतीचे, म्हणजे मुसलमान विधवेने पाळायच्या दुखवट्याचे, चार महिने दहा दिवस ती जिवलग मैत्रिणीला पत्र लिहीत राहते. आपल्या विधवेच्या कथेशी याची गाठ मारायची घाई करू नका.

ऐरोली नाइटशिफ्ट

काकू, चो नाम-जू यांची ‘किम जी-यंग, बॉर्न १९८२’ सांगा. २०१६ची कोरियन कादंबरी. मी इंग्रजीतून ट्रान्स हार्बरच्या लोकलमध्ये चार दिवसांत संपवली. कुकरमधला गरम भात आधी बाबांना, भावाला, आजीला. जी-यंगची आई मुलगी असताना कारखान्यात राबली ती भावांच्या शिक्षणासाठी. तुमचं पोतं तिथेही आहे.

कुटुंबप्रमुख पुरुषच, ही होजू पद्धत कोरियात २००८मध्ये संपली. सणाला सासरी राबणं मात्र संपलं नाही. एका सणाला जी-यंग सासू-सासऱ्यांपुढे अचानक स्वतःच्या आईच्या आवाजात बोलू लागते: तुमची लेक घरी आली, आता माझीही पाठवा. मी हे वाचलं तेव्हा गौरी नुकत्याच झाल्या होत्या. पनवेलला सासरी मी सोळा भाज्या चिरत होते, नणंद आली म्हणून घर आनंदात, गौरही माहेरी आलेली. माझं माहेर डोंबिवलीला, तासाभरावर. कुणाच्या मनातही आलं नाही.

कथा सांगणारा कोण आहे, ते शेवटपर्यंत फोडू नका. त्यातच सगळं आहे.

कळव्याची

आफ्रिका-कोरिया वाचाच. पण ‘तिकडे’ आपल्यातही असतं. दलित लेखिका उर्मिला पवारांची ‘कवच’ ही कथा घ्या. आंबे विकणारी आई, तिला लोक काय काय बोलतात याने कासावीस झालेला शाळकरी मुलगा, आणि शेवटी स्वतःच तोंड उघडून समोरच्याला गप्प करणारी ती. मी लहानपणी आईबरोबर बाजारात भाजी घेऊन बसायचे. भाव करता करता गिऱ्हाइकं काय बोलायची ते घरी आल्यावर आम्ही दोघी एकमेकींनाही सांगत नव्हतो. सोसायटीतल्या बायकांना सासू कळते, नवरा कळतो. जात आणि बाजार आला की त्याही म्हणतात, “त्यांच्यात असं असतं.” तुमच्या भांडीवालीला बोलवा की शनिवारी.

ओवी, कोपरखैरणे

उशिरा लिहिते आहे, माफ करा. नौपाड्याचे दादा, मिशनचा भाग मी खरंच गाळला होता, कंटाळतील म्हणून. या वेळी आधी तो सांगेन.

परवा दादाला फोन केला. सहल त्याला लख्ख आठवते, पन्हाळा, तबक उद्यान, परतताना गाडी बंद पडलेली. पैसे शेंगांचे होते हे त्याला माहीतच नव्हतं. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “तू तेव्हा का नाही भांडलीस?” तांबू भांडली होती. मी नव्हते.

शनिवारी ‘कवच’ सांगणार आहे, आणि त्याच्या आधी माझं पोतं. आमच्याकडे काम करणाऱ्या ताईंना विचारलं. चारला त्यांचं दुसरं घर असतं, म्हणून वेळ साडेपाच केली आहे. जी-यंग त्याच्या पुढच्या महिन्यात. ऐरोलीच्या मुली, सुट्टी असेल तर तूच ये सांगायला.