तीन पानांत एक तरी एक्का: पुतण्या म्हणतो 12/52, बरोबर आहे का?

आबोली_डिचोली
चवथीला आम्ही सगळे डिचोलीच्या मूळ घरी जमतो. आरत्या आटोपून घुमटं भिंतीला टेकली की सोप्यावर पत्ते. पैशांवर नाही हो, चिंचोक्यांवर तीन पत्ती. यंदा माझे चिंचोके भराभर संपले, तशी मी कुरकुरले, "मला एक्का येतच नाही." अकरावीतला पुतण्या लगेच, "काकी, पानं 52, एक्के चार, तुला तीन पानं. 4/52 तीनदा, म्हणजे 12/52. 23 टक्के तरी येतो." आमचे हे म्हणाले, "तुला शेवटी वाटतात, तोवर एक्के संपलेले असतात."

दुसऱ्या दुपारी सगळे नेवऱ्या खाऊन लवंडले, तेव्हा मी एकटीने 100 वेळा कॅट पिसून तीन-तीन पानं काढली. कॅलेंडरच्या पाठीवर रेघा मारल्या. एक्का 19 वेळा. नंतर पानं मोजली तर 51! किलवरची सत्ती चटईखाली. आता माझ्या रेघा फुकट गेल्या का? आणि खरं कोणाचं?

फोंड्याचा_मास्तर
ताई, पुतण्याचं उत्तर जवळपास आहे, पण रीत चुकली. त्याला मेंढीकोट आठवायला सांगा. चौघांत प्रत्येकाला 13 पानं. त्याच्या रीतीने 13 × 4/52 = 1, म्हणजे दर डावाला प्रत्येकाच्या हातात एक्का हवाच! प्रत्यक्षात दहातल्या तीन डावांत तरी आपण एक्क्याविना बसतो.

उलट बाजूने मोजा. एकही एक्का नाही: 48/52 × 47/51 × 46/50, म्हणजे 78.3 टक्के. उरले 21.7. सत्ती नसल्याने ते 22.1 झाले, एवढाच फरक. रेघा फुकट नाहीत. 100 वाटपांत चार-पाच इकडेतिकडे होणारच. पण 21.7 आणि 23.1 यांतलं खरं कोणतं हे नुसतं वाटून ठरवायचं, तर हजारो वेळा पिसावं लागेल. तेवढी दुपार कोणाकडे आहे?

रमीतला_गुलाम
काकांचं मात्र साफ चूक. पिसून झाल्यावर एक्का वरून पहिल्या जागी असण्याची शक्यता 4/52, तिसाव्या जागीही तेवढीच. इतरांना गेलेली पानं तुम्ही पाहिलेली नाहीत, तोवर ती कॅटात राहिली काय नि त्यांच्या हातात गेली काय, तुमच्या दृष्टीने सारखंच. चटईखालच्या पानाचंही तसंच: ते कोणतं हे ठाऊक नसतं, तर शक्यता पुन्हा 21.7. ती सत्ती आहे हे कळलं म्हणून 22.1. शेजाऱ्याचा एक्का डोकावून पाहिलात तर गोष्ट वेगळी. (आमच्याकडे तेही चालतं.)

आबोली_डिचोली
मेंढीकोटाचं सांगितल्यावर पुतण्या दोन मिनिटं गप्प बसला. मग विचारतो, "पण मग 12/52 हे आहे तरी काय?" मला काय सांगता येणार!

फोंड्याचा_मास्तर
छान विचारलं पोराने. ती एक्का येण्याची शक्यता नव्हे, एका हातात सरासरी किती एक्के पडतात तो आकडा. तीन पानांचे एकूण हात 22100. नेमका एक एक्का असलेले 4512, दोन असलेले 288, तिन्ही एक्के असलेले फक्त 4. नुसते हात मोजले तर 4804, हेच आपले 21.7 टक्के. त्याची रीत मात्र दोन एक्क्यांचा हात दोनदा धरते, तीनचा तीनदा: 4512 + 576 + 12 = 5100.

आबोली_डिचोली
5100 ला 22100 ने भागलं, 12/52 च निघालं! पुतण्याला कागदाचा फोटो पाठवला. ह्यांना अजून पटलेलं नाही. पुढच्या चवथीला मला पहिल्यांदा वाटायचं कबूल केलंय, आणि मी नाही म्हटलेलं नाही.