थायमसमध्ये प्रत्येक टी-पेशीची पुरती पारख होते का? (मदत हवी आहे)

नमस्कार. मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. रोगप्रतिकारशक्तीच्या पाठावर एका विद्यार्थिनीने काढलेल्या शंकेचे समाधान मला करता आलेले नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

टी-पेशींच्या (रोगजंतूंशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या) अस्थिमज्जेतून आलेल्या पूर्वज पेशी थायमस या छातीतील ग्रंथीच्या बाहेरच्या थरात जनुकांचे तुकडे यदृच्छेने जोडून आपापला ग्राही (ओळख पटवणारा रेणू) घडवतात आणि तो ग्राही शरीरातील एमएचसी रेणूंना (प्रथिनांचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर दाखवणाऱ्या रेणूंना) थोडाफार ओळखू शकला, तरच त्या जगतात. पुढे गाभ्यात कसोटी उलटी होते: शरीराच्याच प्रथिनाला घट्ट चिकटणारी पेशी सहसा मरते. शेवटी शेकडा पाचांहूनही कमी पेशी बाहेर पडतात. इथवर अडचण नाही.

गाभ्यातील अभिस्तर (एपिथेलियल) पेशी एआयआरई या जनुकामुळे इन्शुलिनसारखी, एरवी ठरावीक अवयवातच बनणारी हजारो प्रथिने तयार करतात. पण कोणतीही एक अभिस्तर पेशी त्यांतली मोजकीच बनवते. मग स्वादुपिंडावर उलटू शकणाऱ्या टी-पेशीची नेमकी इन्शुलिन दाखवणाऱ्या पेशीशी गाठ पडेलच, हे कशावरून? 'योगायोग' एवढेच उत्तर मला वर्गात देववत नाही.

प्रतिसाद:

मॅडम, शंका अगदी रास्त आहे. गाठ पडेलच अशी हमी नाही आणि शरीरही तेवढ्यावर विसंबून राहत नाही. टी-पेशी गाभ्यात चार-पाच दिवस सतत फिरत असते, त्या अवधीत ती असंख्य पेशी चाचपते. शिवाय अभिस्तर पेशींनी बनवलेली प्रथिने शेजारच्या डेंड्रिटिक पेशीही उचलून दाखवतात, त्यामुळे दुर्मीळ प्रथिन एकाच ठिकाणी अडकून पडत नाही.

तरी काही निसटतातच. वर्गात इन्शुलिनचाच दाखला द्यावा: इन्शुलिनच्या जनुकाच्या ज्या प्रकारामुळे थायमसमध्ये इन्शुलिन जास्त बनते, तो प्रकार असलेल्यांना टाइप १ मधुमेहाचा धोका कमी असतो. एआयआरई दोन्ही प्रतींत बिघडले, तर बहुधा लहानपणीच परावटू (पॅराथायरॉइड) आणि अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथींवर हल्ला होतो.

निसटलेल्यांना आवरतात त्या नियामक टी-पेशी. गंमत म्हणजे त्यांतल्या बऱ्याचशा थायमसमध्येच, स्वतःच्या प्रथिनाशी बऱ्यापैकी पण मरण्याइतक्या घट्ट न जुळलेल्या पेशींतून घडतात. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्यांची ओळख पटवली आणि २०२५ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये ते मेरी ब्रुंकॉव व फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह मानकरी ठरले.