मदत हवी आहे: हेन्सवर्थला ट्रेड करायची खरी वेळ कोणती होती?

नोव्हाकर:

नमस्कार मंडळी, आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहायला घेतलाय आणि एका जागी पार अडकलोय, एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) बघणाऱ्यांनी प्लीज मदत करा. मी २००८ पासून ॲशबर्नला राहतो, वॉशिंग्टनच्या टीमचं प्रॅक्टिसचं मैदान आमच्याच गावात, त्यामुळे तेव्हापासून हीच आपली टीम, मधे नाव दोनदा बदललं तरी.

लेख अल्बर्ट हेन्सवर्थवर आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, टेनेसी टायटन्सकडे २००७ आणि २००८ ला हा डिफेन्सिव्ह टॅकल (बचावाच्या पुढच्या ओळीत मधे खेळणारा) कुणाला आवरत नव्हता, २००८ मध्ये साडेआठ सॅक (क्वार्टरबॅकला, म्हणजे बॉल फेकणाऱ्याला, फेकायच्या आत पाडणं), मधे खेळणाऱ्या लाइनमनसाठी हा आकडा फार मोठा. फेब्रुवारी २००९ मध्ये आपल्या टीमने त्याला ७ वर्षांचा १० कोटी डॉलरचा करार दिला, त्यातले ४ कोटी १० लाख पक्के. पहिलं वर्ष ४-३ मध्येच (पुढे चार लाइनमन, मागे तीन लाइनबॅकर) गेलं, टीम ४-१२ (४ जिंकले, १२ हरले), कोच गेला. जानेवारी २०१० ला माइक शनाहन आला, त्याने डिफेन्स जिम हॅस्लेटकडे दिला आणि ३-४ (पुढे तीन, मागे चार) लावला. तिथून सगळं बिघडलं.

४-३ आणि ३-४ समजावायला मी कबड्डी वापरलीय, बरोबर वाटते का सांगा. ४-३ मध्ये हेन्सवर्थ समोरच्या टीमच्या गार्डच्या (बॉल मागे देणारा तो सेंटर, त्याच्या शेजारचा गार्ड) बाहेरच्या खांद्यासमोर उभा राहायचा, बॉल हलला की एक फट धरायची, आत घुसायचं आणि क्वार्टरबॅक गाठायचा, म्हणजे कोपऱ्यातला असा गडी ज्याला संधी दिसली की झेप टाकून घोटा धरायची मोकळीक आहे. ३-४ मधला नोज टॅकल सेंटरच्या अगदी नाकासमोर, त्याने पुढे घुसायचं नाही, सेंटरला हातांवर तोलून धरायचं, डावीकडची उजवीकडची दोन्ही फटी राखायच्या, दोन दोन माणसं अंगावर घ्यायची, आणि टॅकल करणार मागचा लाइनबॅकर. झेप टाकणाऱ्या गड्याला सांगायचं की तू आता फक्त साखळी धरून उभा राहा. त्यात हा ६ फूट ६ इंच, आणि लाइनवर जो खाली राहतो तो जिंकतो.

आता प्रश्न. १ एप्रिल २०१० ला त्याला २ कोटी १० लाखांचा बोनस द्यायचा होता. स्कीम बदलणार हे जानेवारीतच ठरलेलं, मग बोनसच्या आधी ट्रेड का केला नाही, म्हणजे दुसऱ्या टीमला का दिला नाही? पैसे दिले, मग तो मिनीकॅम्पला आलाच नाही, मग कॅम्पमधली ती फिटनेस टेस्ट, डिसेंबरमध्ये शेवटच्या ४ सामन्यांसाठी सस्पेंड, आणि जुलै २०११ मध्ये पॅट्रियट्सना दिला तो २०१३ च्या ड्राफ्टमधल्या पाचव्या फेरीच्या एका पिकवर (ड्राफ्ट म्हणजे कॉलेजमधले खेळाडू पाळीपाळीने निवडणं, पिक म्हणजे त्यातली एक पाळी). १० कोटींचा माणूस. मला हे आजही लागतं.

माझा मुलगा शाळेच्या टीममध्ये लाइनवर खेळतो, तो म्हणतो बाबा स्कीम हे निमित्त आहे, माणसाची इच्छाच नव्हती. म्हणून गेल्या रविवारी आम्ही ती टेस्ट स्वतः करून पाहिली. २५ यार्डांवर कोन ठेवले, सहा वेळा जाऊन यायचं म्हणजे ३०० यार्ड, ७० सेकंदांत, साडेतीन मिनिटं विश्रांती, परत तेवढंच ७३ सेकंदांत. पोराचं वजन २३० पाउंड. पहिली ७१ मध्ये झाली. दुसऱ्या वेळी चौथ्या वळणापासून पाय सटकायला लागले, कोनापाशी हात जमिनीला टेकवून स्वतःला उलट ढकलत होता, तोंडाने श्वास, ८४ लागले. हेन्सवर्थ याच्यापेक्षा शंभरेक पाउंड जड होता आणि त्याला पास व्हायला १० दिवस लागले. पोरगा घरी येईपर्यंत गप्प होता, पण मत काही बदललं नाही. तुम्हाला काय वाटतं?

फिलीची_मावशी:

दादा, मी फिलाडेल्फियाच्या ईगल्सवाली, पण तरी सांगते, तुमच्या मुलाचं अर्ध खरं आहे. १५ नोव्हेंबर २०१० चा सोमवारचा सामना आठवा, तुमच्याच मैदानावर आम्ही ५९-२८ ने जिंकलो. त्यात एका प्लेला हेन्सवर्थ खाली पडला आणि तसाच पडून राहिला, शेजारी आमचा क्वार्टरबॅक व्हिक बॉल घेऊन पळतोय, सगळे त्याच्या मागे, हा उठायचं नावच घेत नाही. तिथे ३-४ चा काय संबंध? ज्याला स्कीम आवडत नाही तोसुद्धा उठतो.

पण दुसरं अर्ध तुमचं. २०१७ ला बाल्टिमोरच्या रेव्हन्सनी डिफेन्सिव्ह टॅकल टिमी जर्निगन आम्हाला दिला, तो आणि ९९ वा पिक घेऊन आम्ही ७४ वा पिक दिला. त्यांच्याकडे त्याला माणसं अडवून धरायचं काम, आमच्याकडे डिफेन्सचा कोच जिम श्वार्ट्झ, त्याची लाइन म्हणजे फट दिसली की घुसा. त्याच वर्षी त्याला ४ वर्षांचा नवा करार मिळाला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये आम्ही सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकलो. आणि हाच श्वार्ट्झ २००८ पर्यंत टायटन्सचा डिफेन्स बघत होता, म्हणजे तुमचा हेन्सवर्थ मोठा झाला तो याच्याच हाताखाली. लेखात हे नक्की घाला.

कॅपवाला:

नोव्हाकर, तुम्ही तारीख बरोबर धरलीत पण बाजू उलटी लावलीत असं मला वाटतं. जरा सविस्तर लिहितो.

१ एप्रिलच्या आधी ट्रेड केला असता तर ते २ कोटी १० लाख घेणाऱ्या टीमने द्यायचे. म्हणजे समोरच्याने पिकही द्यायचा, वर एवढा चेकही फाडायचा, आणि तोही ४-१२ च्या टीममध्ये ४ सॅक केलेल्या माणसासाठी. कोण पुढे येणार. पण १ एप्रिलला बोनस तुमच्या टीमने भरला, त्या क्षणापासून हाच खेळाडू बाकीच्यांसाठी स्वस्त झाला, कारण मोठी रक्कम आधीच दिली गेली. आणि ड्राफ्ट होता २२ एप्रिलला. माझ्या मते विकायची वेळ ती होती, ते तीन आठवडे. ज्यांचा ४-३ आहे आणि ज्यांच्याकडे दुसऱ्या तिसऱ्या फेरीचे पिक आहेत अशा टीम्सना फोन फिरवायचे.

एरवी यात आडवा येतो तो डेड मनी. आधी दिलेला साइनिंग बोनस कॅपमध्ये (टीमच्या पगारखर्चाची वर्षाची मर्यादा) वर्षांवर पसरून मोजतात, खेळाडू ट्रेड केला की उरलेलं सगळं जुन्या टीमच्या कॅपवर एकदम येऊन पडतं, नवी टीम फक्त पुढचा पगार देते. म्हणून टीम्स नको असलेला माणूससुद्धा सांभाळत बसतात. पण २०१० ला कॅपच नव्हता! त्या एका वर्षी ट्रेड करायला कॅपची काहीही अडचण नव्हती. तुमच्या टीमने हेन्सवर्थचे पुढच्या वर्षांचे पैसेही त्या वर्षीच मोजून टाकले, त्यावरूनच लीगने मार्च २०१२ मध्ये त्यांचा ३ कोटी ६० लाखांचा कॅप कापला, दोन वर्षांत मिळून. म्हणजे कॅप नसल्याचा फायदा त्यांना कळला होता, उचलला पण होता, फक्त माणूस सोडला नाही. २ कोटी १० लाख दिलेत ना मग आता खेळायलाच पाहिजे, हा हट्ट. गेलेले पैसे परत मिळणार नव्हते, पिक मिळाला असता.

आणि २०११ ला तर मार्च ते जुलै लॉकआउट (मालकांनी काम बंद ठेवलेलं), खेळाडूंचे ट्रेड बंद, म्हणजे तो ड्राफ्टही गेला. लॉकआउट उठल्यावर तीन दिवसांत ट्रेड झाला, तोवर सस्पेंड झालेल्या माणसाला पाचवी फेरी हाच भाव.

लाल_शर्ट:

कॅपवाला बरोबर. आमच्या कॅन्सस सिटीच्या चीफ्सनी हेच वेळेत केलं. २०१९ ला डिफेन्सचा कोच स्पॅग्नुओलो आला, ३-४ जाऊन ४-३ आला, डी फोर्ड १३ सॅक करून बसला होता तरी टॅग लावून (एक वर्ष आपल्याकडे अडकवून) मार्चमध्येच सॅन फ्रान्सिस्कोच्या नाइनर्सना दिला, २०२० ची दुसरी फेरी घेतली. त्याला लाइनबॅकर म्हणायचे, पण काम पास रशचंच, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून जायचं. नाराजी व्हायच्या आत दिला म्हणून किंमत आली. पुढच्या फेब्रुवारीत सुपर बोलमध्ये समोर नाइनर्सच होते आणि आम्ही ३१-२० ने जिंकलो.

नोव्हाकर:

कॅपवाला, तुमचं उत्तर दोनदा वाचलं, मग पोराला वाचून दाखवलं. मी इतकी वर्षं बोनस दिला म्हणून चिडून होतो, आणि चिडायचं कशावर तर नंतरच्या तीन आठवड्यांवर. लेखाचा मधला भाग आता नव्याने लिहितोय. मावशी, जर्निगन आणि श्वार्ट्झ दोन्ही घेतो, आणि तो पडून राहिलेला प्लेसुद्धा, तो वगळला तर लेख खोटा होईल.

एक उरलं, पॅट्रियट्सकडे तर ४-३ जास्त खेळणार होते, तिथेही ६ सामन्यांत एक सॅक नाही आणि नोव्हेंबरमध्ये सोडून दिला. मग स्कीमचा मुद्दा टिकतो का?

कॅपवाला:

२०१० साठी टिकतो, २०११ साठी नाही. तोपर्यंत तो ३० वर्षांचा झाला होता आणि एक अख्खं वर्ष नीट खेळलेला नव्हता. लाइनमनचं शरीर असं बाजूला ठेवून परत काढता येत नाही. तुमच्या लेखात उलट हेच येऊ द्या, न जमणाऱ्या जागी ठेवलेलं एक वर्ष त्याला किती महाग पडलं.

चिंचवडकर:

मला फुटबॉलमधलं कळत नाही पण कबड्डी खेळलोय, तेवढं सांगतो. कोपरा बरोबर आहे. नोज टॅकलसाठी मात्र 'साखळी धरून उभा' एवढंच लिहू नका, वाचणाऱ्याला वाटेल तो काहीच करत नाही. कव्हर म्हणा. रेडरचा रस्ता अडवायचा, अंगावर धक्का घ्यायचा, आणि पकड कोपऱ्याच्या नावावर जाते. चांगला कव्हर नसेल तर कोपरा झेपच टाकू शकत नाही. आम्ही कोपऱ्याला कव्हरमध्ये आणायचो तेव्हा तो पहिले दोन महिने वैतागलेलाच असायचा.