कांदळवनातील खंड्या: ऑटोफोकस ठेवावा की हाताने फोकस करावा?

डिचोलीकर:
गोव्यात रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर जाऊन तेथील डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात मी दोन महिन्यांपासून खंड्याची छायाचित्रे काढत आहे. खंड्या कांदळाच्या फांद्यांआड बसतो आणि ऑटोफोकस दर वेळी पुढची फांदी स्पष्ट करून पक्ष्याला धूसर सोडतो. हाताने फोकस करावा, तर मी लेन्सची कडी फिरवत असतानाच तो पाण्यात सूर मारतो. पावसाळ्यात गोव्यातल्याच मोले गावी बेडूक टिपतानाही फोकस डोळ्यावर राहिला नाही. आता पूर्णपणे मॅन्युअल फोकसकडे वळावे का?

म्हापसेकर:
वळू नका, असे मी आग्रहाने सांगेन. ऑटोफोकस उजेड-सावलीच्या कडा शोधतो आणि क्षेत्र निवडण्याची मोकळीक दिल्यास बहुधा सर्वांत जवळची ठळक कड पकडतो. कांदळवनात ती फांदीचीच असणार. म्हणून एकच लहान फोकस-बिंदू निवडून तो पक्ष्याच्या डोळ्यावर ठेवा. सतत फोकसची पद्धत निवडून फोकसचे काम शटरच्या बटणाकडून काढून मागच्या बटणाला दिलेत, तर अंगठा दाबून धरला असेपर्यंत कॅमेरा उडत्या पक्ष्याचा माग घेतो आणि अंगठा उचलताच फोकस आहे तिथे थांबतो. तरीही काडी आड आलीच, तर अंगठा उचलून कडी किंचित फिरवा. अनेक लेन्समध्ये ऑटो-मॅन्युअल स्विच न बदलता हे करता येते, पण सर्वच लेन्समध्ये नाही. जबरदस्तीने आतील यंत्रणा बिघडू शकते, त्यामुळे आधी माहितीपुस्तिका पाहावी.

काणकोणकर:
बेडकांच्या बाबतीत माझे मत वेगळे आहे. फुल-फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपणाऱ्या लेन्सने १:१ प्रमाणात (सेन्सरवर प्रतिमा वस्तूएवढीच), एफ/८ इतक्या छिद्रावर काढलेल्या चित्रात स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम १ मिलिमीटर असते आणि श्वासासरशी आपले शरीर त्याहून अधिक हलते. तिथे मॅन्युअलच ठेवावे, कडीने हवे ते प्रमाण एकदा ठरवावे आणि मग कडीला हात न लावता स्वतः किंचित पुढे-मागे झुकून डोळा स्पष्ट दिसताच शटर दाबावे. एकाऐवजी पाच-सहा चित्रे घ्यावीत. आपण झुकताना बेडूक सरकू लागला, तर मागे व्हावे. त्याला त्रास देऊन मिळणारे चित्र आपल्याला नको.

मडगावकर:
व्ह्यूफाइंडरशेजारची डायऑप्टरची, म्हणजे आपल्या नजरेनुसार त्यातले दृश्य जुळवण्याची चकती तपासलीत का? आतील आकडे व फोकस-बिंदू ठळक दिसेपर्यंत ती फिरवावी. ती चुकीच्या जागी असेल, तर ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून हाताने केलेल्या फोकसचा अंदाज डोळ्याला नीट येत नाही.

डिचोलीकर:
चकती खरोखरच सरकलेली होती. बहुधा पिशवीत घासून फिरली असावी. मागच्या बटणाची सवय घरी अंगणातील चिमण्यांवर करतो आणि मगच ओहोटीची वेळ पाहून चोडणला जातो.