ऑर्किडचे टिश्यू कल्चर : बियांपासून सुरुवात करावी की शेंड्यापासून? सल्ला हवा

प्रश्न (निपाणी)

नमस्कार. मी केळीची रोपे करणाऱ्या एका प्रयोगशाळेत ४ वर्षे काम केले आहे. आता घरच्याच एका खोलीत फॅलेनॉप्सिस आणि डेंड्रोबियम या ऑर्किडची रोपे तयार करून ती बेळगाव, कोल्हापूर आणि गोव्यातील रोपवाटिकांना द्यावीत, असा विचार आहे. एका शेंगेत लाखो बिया असतात, तर बियांपासूनच सुरुवात करावी का, की केळीप्रमाणे शेंडा घ्यावा? गेल्या मार्चमध्ये विकत आणलेल्या बाटल्यांतील ४० रोपांपैकी बाहेर काढल्यावर ६ च जगली, याचेही कारण समजून घ्यायचे आहे.

उत्तर (टिळकवाडी, बेळगाव)

ताई, केळीचा अनुभव हाताच्या स्वच्छतेसाठी पुष्कळ उपयोगी पडेल, पण शेंड्याच्या बाबतीत तो तुम्हाला फसवेल. केळीच्या गड्ड्याला मुनवे येत राहतात, म्हणून एक घेतला तरी नुकसान होत नाही. फॅलेनॉप्सिस मात्र एकाच शेंड्याने वर वाढते. तो शेंडा कापला की मातृवृक्षाची वाढ तिथेच थांबते आणि बहुधा ते झाडही हातचे जाते. म्हणून तिथे फुलांच्या दांड्याच्या खालच्या पेरांवरील सुप्त डोळे घ्यावेत. पेरावरचा खवला अलगद काढून निर्जंतुक केलेला तुकडा बी.ए.पी. (डोळे फुटवणारे संप्रेरक) असलेल्या पोषक माध्यमात ठेवला की डोळा फुटतो आणि आई जिवंत राहते. डेंड्रोबियमला बुडातून नवे फुटवे येतात, त्यामुळे तिथे कोवळ्या फुटव्याचा शेंडा घेता येतो. फ्रेंच संशोधक मोरेल यांनी १९६० साली सिंबिडियम या ऑर्किडचे विषाणूमुक्त गुणन दाखवले, तेही अशाच फुटव्यांवर.

बियांत अन्नसाठा जवळजवळ नसतो, म्हणून रानात रुजताना त्यांना बुरशीची मदत लागते. अमेरिकन संशोधक नडसन यांनी १९२२ मध्ये साखरयुक्त माध्यमात बुरशीविना बिया रुजवून दाखवल्या. पण संकरित जातीच्या बियांपासून आलेले प्रत्येक रोप वेगळे निघते, आणि रोपवाटिकेला तर एकसारखा रंग हवा असतो.

कापलेली बाजू तपकिरी होऊन माध्यम काळवंडते, ही ऑर्किडमधील नेहमीची अडचण. सक्रिय कोळसा घाला आणि पहिल्या काही दिवसांत तुकडे ताज्या माध्यमात हलवा. रोपे लवकर वाढवण्याच्या मोहाने बी.ए.पी. मात्र वाढवत नेऊ नका, कारण त्यातून विकृत फुलांची रोपे निघण्याचा धोका वाढतो आणि ती चूक फूल येईपर्यंत, म्हणजे दोन-तीन वर्षे, दिसतच नाही. मातृवृक्ष सिंबिडियम मोझेक विषाणूसाठी तपासून घ्यावा, हे मी कळकळीने सांगतो; अन्यथा हजारो रोपांत तोच रोग वाटला जाईल.

उत्तर (खानापूर)

४० पैकी ६ च जगण्याचे कारण बाटल्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत नाही, मार्चच्या हवेत आहे. बाटलीतील आर्द्रता जवळजवळ शंभर टक्के असते, पानांवर मेणाचा थर नीट बसलेला नसतो आणि पर्णरंध्रे मिटायला शिकलेली नसतात. निपाणी-चिकोडीकडील कोरड्या उन्हात ती रोपे काही तासांत सुकतात. बाटल्या जून-जुलैत उघडा, मुळांना चिकटलेले आगर (माध्यम घट्ट करणारा पदार्थ) कोमट पाण्याने पूर्ण धुवा, रोपे स्फॅग्नम मॉसमध्ये (ओल धरणाऱ्या शेवाळात) लावून पहिले काही आठवडे पारदर्शक डब्यात ठेवा आणि झाकण रोज थोडे थोडे अधिक उघडत जा. वर मात्र पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे छप्पर हवेच, कारण पावसाचे पाणी फॅलेनॉप्सिसच्या पोग्यात साचले की तो कुजतो.

एक विनंती. आमच्या भीमगडच्या जंगलातील सीतेची वेणी हे रानटी ऑर्किड फांदीवरून ओरबाडून कोणी आणून दिली, तरी घेऊ नका. बियांची पद्धत तिच्यासाठी योग्य आहे, कारण रानात परत लावायची असेल तर आनुवंशिकदृष्ट्या एकमेकांपासून वेगळी रोपेच हवीत. पण ते काम वनखात्याच्या परवानगीने करावे.

प्रश्नकर्ती (निपाणी)

दोघांचेही मनापासून आभार. मग आधी दांड्याच्या डोळ्यांवर हात बसवावा, की तयार बाटल्या आणून रोपे जगवायला शिकावे?

उत्तर (टिळकवाडी, बेळगाव)

आधी जगवायला शिका, ताई. या जूनमध्ये ५-६ बाटल्याच घ्या आणि त्यांतील किती रोपे दिवाळीपर्यंत टिकली याची वही ठेवा. दहातील आठ टिकू लागली की मगच लॅमिनार यंत्रावर (जंतुविरहित हवेत काम करण्याच्या मेजावर) पैसे घाला. मधल्या काळात गोकाकजवळील अरभावीच्या उद्यानविद्या महाविद्यालयात एकदा जाऊन प्राध्यापकांशी प्रत्यक्ष बोला.