१९५१ च्या शेव्हरोले पिकअपचा पुढचा भाग एअर सस्पेन्शनने खाली घ्यावा का, आणि कसा?

गंगापूररोडकर:

नमस्कार मंडळी. आमच्याकडे १९५१ सालची शेव्हरोले ३१०० ही अर्ध्या टनाची पिकअप आहे. दिंडोरीजवळच्या मळ्यावर तिने द्राक्षांच्या पेट्या आणि खताची पोती अनेक वर्षे वाहिली. आता इंजिन, किंगपिन, ब्रेक आणि रंग असे सगळे काम पूर्ण करून ती नाशिकला घरी आणली आहे. इंजिन मूळचेच, २१६ घनइंचांचे सहा सिलिंडरचे आहे, आणि विजेची यंत्रणाही मूळची ६ व्होल्टचीच ठेवली आहे. पुढे अखंड बीम अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा) आणि कमानपाटे (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) आहेत.

हौद्यात माल नसला की या गाडीचे नाक वर राहते आणि ते मला खटकते. गाडी उभी असताना पुढचा भाग चार इंच खाली बसावा, चालवताना मूळ उंचीपेक्षा दीड-दोन इंच खाली राहावा, आणि गतिरोधक आला की बटण दाबून वर घेता यावा, अशी इच्छा आहे. शहरातल्या एका गॅरेजने सांगितले की पुढचे पाटे काढून टाकू, बीम आणि चासीच्या मध्ये बसचे बलून (हवा भरलेल्या रबरी पिशव्या) बसवू, आणि बीमला जागा मिळावी म्हणून चासीला खालून अर्धगोल काप देऊ. ऐकायला सोपे वाटले, पण चासी कापायची म्हटल्यावर हात आखडला. वजनकाट्यावर फक्त पुढची चाके चढवून वजन घेतले, ते सुमारे ८०० किलो भरले. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

अंबड_फॅब्रिकेशन:

आपण वजन करून आलात हे उत्तम केलेत, कारण बहुतेक मंडळी बलून विकत घेतात आणि मग वजनाची चौकशी करतात. तरीही बलूनचा विचार थोडा बाजूला ठेवून आधी एका प्रश्नाचे उत्तर शोधावे लागेल. कमानपाटे काढल्यावर बीमला जागेवर कोण धरणार?

पाटा दोन कामे करतो. तो गाडीचे वजन पेलतो, आणि बीमला पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे सरकू न देता चासीशी बांधून ठेवतो. शिवाय ब्रेक दाबल्यावर बीमला जो पीळ बसतो तोही पाटाच सोसतो. एअर बलून यांपैकी फक्त पहिले काम करतो. तो उभ्या दिशेने वजन उचलतो, पण आडव्या दिशेने त्याला काहीही आधार नसतो. त्यामुळे त्या गॅरेजने पाट्यांच्या जागी बलून बसवण्याचेच सांगितले असेल आणि लिंकचा, म्हणजे बीमला चासीशी जोडणाऱ्या दांड्यांचा, उल्लेखच केला नसेल, तर तिथून गाडी परत आणलेली बरी.

पाटे काढायचे असतील तर बीमला प्रत्येक बाजूने पुढे-मागे धरणाऱ्या लिंक लागतात, पीळ सोसण्यासाठी वरच्या अंगाला निदान एक वेगळी लिंक लागते, आणि डावी-उजवी हालचाल रोखण्यासाठी चासीच्या एका बाजूपासून बीमच्या दुसऱ्या बाजूपर्यंत आडवा पॅनहार्ड रॉड लागतो. पाट्याचे जे टोक पिनने पक्के बसवलेले असते, त्याच हँगरमध्ये (चासीवरच्या ब्रॅकेटमध्ये) लिंकचे चासीकडचे टोक बसवले, आणि बीमवरचा ब्रॅकेट मूळ यू बोल्टच्या भोकांतून आवळला, तर पुढे केव्हाही सगळे उघडून मूळचे पाटे परत चढवता येतात. या गाड्यांचे हँगर चासीला रिव्हेटने ठोकलेले असतात. ते रिव्हेट छिन्नीने उडवण्याची घाई कोणालाही करू देऊ नये.

लिंक किती लांबीच्या आणि कोणत्या कोनात असाव्यात, हे स्टिअरिंगवर ठरते. बीम वर-खाली होताना एका कमानीत फिरतो आणि ड्रॅग लिंकचे (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचे) टोकही आपल्या कमानीत फिरते. या दोन कमानी जुळल्या नाहीत तर खड्ड्यात चाक गेले की आपण स्टिअरिंगला हात न लावताही चाके वळतात. कॅम्बरची, म्हणजे चाक वरून आत-बाहेर झुकण्याची, काळजी मात्र नको. अखंड बीम दोन्ही बाजूंनी सारखा वर गेला तर चाके उभीच राहतात. वरून आत झुकण्याचा त्रास स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाड्यांना होतो. आपल्याकडे बघायचा तो कास्टर (बाजूने पाहता चाक वळण्याच्या अक्षाचा पुढे-मागे कल), कारण लिंकचा कोन बदलला की बीम पुढे किंवा मागे कलतो आणि सरळ रस्त्यावर गाडी भरकटू लागते.

आता बलूनचा हिशेब. ८०० किलोंतून चाके, ड्रम आणि बीम यांचे म्हणजे बलूनच्या खाली राहणारे वजन साधारण १५० किलो धरून वजा करू. उरले ६५०, म्हणजे एका बाजूला ३२५ किलो किंवा सुमारे ७१५ पौंड. बलूनचे परिणामकारक क्षेत्रफळ २० चौरस इंच असेल आणि तो थेट बीमवर बसला असेल, तर आत सुमारे ३६ पीएसआय हवा लागेल. हा आकडा ठीक आहे. मात्र बलून ज्या उंचीसाठी बनवलेला आहे त्याच उंचीवर गाडी चालवताना राहील असे ब्रॅकेट बनवावेत, आणि हवा पूर्ण सोडल्यावर गाडीचा भार बलूनवर न येता रबरी बंपस्टॉपवर यावा.

ट्रॅव्हल्स_वर्कशॉप:

अंबडकरांनी मुद्दा नेमका पकडला आहे. मी बसच्या बलूनबद्दल लिहितो, कारण माझे रोजचे काम तेच आहे.

बसचा बलून काही टनांचा भार पेलण्यासाठी बनवलेला असतो. आपल्या गणितात २० च्या जागी ६० चौरस इंच घातले तर दाब १२ पीएसआयवर येतो. एवढ्या कमी दाबात बलूनची भिंत ताठ राहत नाही, घडी चुकीच्या जागी पडते, रबर स्वतःवरच घासते आणि मग तिथेच चीर जाते. बसच्या टाकीत आठ बारच्या आसपास हवा असते आणि लेव्हलिंग व्हॉल्व्ह प्रवासी चढले-उतरले तरी उंची एकच ठेवतो. त्या यंत्रणेतला एकच भाग काढून हलक्या पिकअपला लावून चालत नाही. भंगारातून स्वस्तात मिळतो म्हणून तो घ्यावा असे मला मुळीच वाटत नाही. तारीख उलटलेले रबर बाहेरून चकचकीत दिसते, घडीच्या आत बोट घालून ताणले की बारीक भेगा उघडतात.

दुसरे, डाव्या-उजव्या बलूनला एकाच नळीतून, मध्ये व्हॉल्व्ह न ठेवता, हवा देऊ नये. वळणावर बाहेरच्या बलूनवर भार आला की त्यातली हवा आतल्या बलूनमध्ये पळते आणि गाडी आणखी कलते. कसारा घाटात हे अनुभवण्याची गरज नाही. दोन्हींना स्वतंत्र व्हॉल्व्ह असावेत, आणि तरीही पाटे गेल्यामुळे गाडी पूर्वीपेक्षा जास्त झुलेल, म्हणून पुढे अँटीरोल बार (कलणे रोखणारा आडवा दांडा) घालावा लागेल. पाट्यांच्या आपसांतल्या घर्षणाने थोडे झटके जिरत असत. तेही आता सगळे शॉकअपवर येणार, तेव्हा जुने शॉकअप तसेच ठेवू नयेत.

पावसाळ्यात कॉम्प्रेसर हवेबरोबर ओलही ओढतो. टाकीच्या सर्वांत खालच्या जागी ड्रेन कॉक हवा, व्हॉल्व्हच्या आधी वॉटर ट्रॅप हवा, आणि नळी एअर ब्रेकच्या दर्जाची, सायलेन्सरपासून लांब नेलेली हवी.

पंचवटीकर:

मी थोडा विरोधी सूर लावतो. इंच-दोन इंच खाली घेण्यासाठी एवढा खटाटोप कशासाठी? चांगल्या कमानवाल्याकडून एक-दोन पाटे कमी करून आणि मेन पाट्याचे डोळे उलटे वळवून घेतले तर पुढचा भाग कायमचा तेवढा खाली बसतो. हवा नाही, नळ्या नाहीत, बीमही जागेवर. पाटे किती कमी करायचे ते मात्र त्याला ८०० किलो हा आकडा सांगूनच ठरवावे.

यापेक्षा मोठा मुद्दा कायद्याचा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मूळ ठरवलेल्या ज्या बाबी आरसीवर नोंदल्या आहेत त्यांच्याशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगीविना केलेल्या अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. म्हणून काम सुरू करण्याआधी रेखाचित्र घेऊन आरटीओत लेखी विचारणा करावी. तोंडी ‘चालतंय हो’ पुढे कोणी ओळखत नाही.

शिवाय २०२१ च्या जुलैत आलेल्या व्हिंटेज वाहनांच्या नियमांत ५० वर्षांपेक्षा जुन्या, वैयक्तिक वापराच्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळू शकते. नवीन नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षे. परंतु वाहन मूळ स्वरूपात असावे लागते, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत. चासीला अर्धगोल काप दिलात की ते दार आपण स्वतःच्या हाताने बंद केलेत. आपल्या आरसीवर मालवाहू अशी नोंद असेल तर त्याबद्दलही आधीच विचारून ठेवावे.

१९५४ पर्यंत जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना मुंबईत शिवडीला होता; आपली गाडी तिथे जुळवलेली असेल तर तिची पाटी आणि चासी क्रमांक जपण्यासारखे आहेत. कापाकापीत पहिला घाव त्यावरच पडतो.

गंगापूररोडकर:

सर्वांचे मनापासून आभार. चासी कापायची नाही आणि बसचे बलून घ्यायचे नाहीत, हे दोन निर्णय आजच पक्के केले. पंचवटीकर, आपला पाट्यांचा सल्ला पटतो, पण त्यात उंची कमी-जास्त करता येत नाही आणि आमच्या गल्लीतले गतिरोधक पाहिलेत तर आपणही वर घेण्याचे बटण मागाल. आरटीओत अर्ज करतो. अंबडकरांना दोन शंका विचारतो. पाटे थोडे ठेवून सोबत बलून लावला तर लिंकचा खर्च वाचेल का? आणि ६ व्होल्टवर कॉम्प्रेसर कसा चालवायचा?

अंबड_फॅब्रिकेशन:

सगळे पाटे तसेच ठेवून बलून लावला तर गाडी फक्त वर जाईल, कारण बलून उचलतो, खाली ओढत नाही. मेन पाटा आणि त्याखालचा एक असे दोनच ठेवून बाकी भार बलूनवर देण्याची पद्धत आहे, आणि मंद गतीने चालणाऱ्या गाड्यांवर ती निभावते. पण जोरात ब्रेक दाबला की पातळ राहिलेला पाटा नागमोडी वाकतो, बीम पुढे गुंडाळला जातो आणि त्याच क्षणी कास्टर बिघडून स्टिअरिंग ओढते. हा मार्ग घ्यायचाच असेल तर बीमच्या वरच्या अंगाला पीळ रोखणारी एक लिंक जरूर द्यावी. मी स्वतः पूर्ण लिंकचीच बाजू घेईन.

६ व्होल्टची यंत्रणा बदलू नये. अशा कामाच्या कॉम्प्रेसरला १२ व्होल्टवर २० अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो, आणि आपल्या डायनॅमोकडे द्यायला तेवढे शिल्लक नसते. हौद्यात केबिनलगत १२ व्होल्टची स्वतंत्र बॅटरी ठेवावी, ती घरी चार्जरवर भरावी, आणि त्यावर फ्यूज, रिले व प्रेशर स्विच घालून कॉम्प्रेसर चालवावा. १९ लिटरची टाकी भरून निघालात तर गतिरोधकांसाठी हवा पुरेशी होते. आणखी साधेपणा हवा असेल तर कॉम्प्रेसर गाडीत नकोच. टाकीला टायरसारखा वॉल्व्ह लावून पंक्चरवाल्याकडेच हवा भरून घ्यावी. त्याच्याकडच्या दाबावर उचलण्याच्या खेपा कमी मिळतात एवढेच.

सुटे भाग मागवण्याआधी एक तपासणी करावी. चासी भक्कम स्टँडवर ठेवून पाटे सोडवा, बीम जॅकवर घ्या आणि पुढे-मागे सरकू नये म्हणून साखळीने बांधा. मग जॅकने बीम हळूहळू वर घेत इंचागणिक थांबून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. ऑइल चेंबर, ब्रेकचा होज, टाय रॉड, मडगार्डची आतली कड यांपैकी आधी काय टेकते ते खडूने खूण करून लिहून ठेवा. त्याच वेळी रिमच्या खालच्या कडेखाली कोणताही भाग येत नाही ना, हे पट्टी धरून पाहा. कॅलिफोर्नियात १९५८ पासून २०२३ अखेरपर्यंत हाच नियम होता, कारण टायर बसला तरी चासी रस्त्याला टेकू नये. तो चुकवण्यासाठीच तिथल्या मंडळींनी उंची बदलणारे सस्पेन्शन मोटारींना लावायला सुरुवात केली.

गंगापूररोडकर:

रविवारी ही तपासणी करून पाहिली. तीन इंचांवर बीम चेंबरच्या कडेशी टेकला, त्याआधी कुठेही काही घासले नाही. बंपस्टॉपची जाडी धरून अडीच इंचांवर थांबायचे ठरवले आहे. ड्रॅग लिंकची दोन्ही टोके, हँगर आणि यू बोल्टची भोके यांची मापे कागदावर काढली आहेत. आरटीओच्या अर्जाला लावायचे रेखाचित्र त्यावरूनच करून मिळाले तर बरे होईल. या आठवड्यात कोणत्या वेळी अंबडला येऊ ते कळवावे.